अक्षराला सोबत लागते : चिनी वाचायला शिकण्याचा इतिहास



चिनी लिपी कशी जन्मली यावर पुष्कळ बोललं जातं. ती लोक शिकले कशी, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. आज आपण या दुसऱ्या प्रश्नाकडे जाणार आहोत. लिपी घडायची ती एकदा घडते, पण शिकावी ती प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक मुलाला नव्यानं लागते. आणि शिकवण्याची रीत चुकली, तर पिढ्यान्‌पिढ्या माणसं दाराबाहेर उभी राहतात.

आधी अडचण काय आहे ती नीट समजून घेऊ. आपलं मूल मुळाक्षरं शिकतं, बाराखडी घोकतं, जोडाक्षरांशी थोडं झगडतं आणि वर्षा-दोन वर्षांत समोर येईल तो शब्द वाचू लागतं. अर्थ कळो न कळो, दुकानावरची पाटी ते वाचतंच. चिनी मुलाला ही सोय नाही. तिथं एक अक्षर म्हणजे एक उच्चार आणि बहुतेक वेळा एक अर्थसुद्धा. आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट म्हणजे आकडे. '७' हे चिन्ह बघून 'सात' हा उच्चार काढता येत नाही. तो आधी माहीत असावा लागतो. आता कल्पना करा, भाषेतला जवळपास प्रत्येक शब्द असाच लिहिलेला आहे.

अशी चिन्हं किती? १७१६ साली खांगशी बादशहाच्या आज्ञेनं तयार झालेल्या कोशात ४७,०३५ अक्षरं आहेत. हा आकडा ऐकून घाबरू नका, कारण इतकी अक्षरं कोणालाच येत नाहीत. २०१३ साली चीन सरकारनं प्रमाण अक्षरांची यादी काढली, तीत ८,१०५ अक्षरं आहेत, आणि त्यातली ३,५०० रोजच्या वापरातली म्हणून वेगळी काढली आहेत. चिनी मुलानं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत सुमारे ३,००० अक्षरं ओळखावीत आणि २,५०० लिहावीत, अशी तिथल्या अभ्यासक्रमाची अपेक्षा आहे. म्हणजे डोंगर आहे, पण चढता येण्याजोगा.

शंभर वर्षांपूर्वी तो तसा वाटत नव्हता. १९१८ साली छिएन श्वेनथुंग या भाषापंडितानं 'नवयुवक' मासिकात लिहिलं की ही अक्षरं टाकूनच द्यायला हवीत. पुढं लू शुनसारखा मोठा लेखकही त्याच मताचा झाला. ही माणसं उथळ नव्हती. देश दुबळा आहे, लोक निरक्षर आहेत, आणि याचं कारण ही लिपी आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. इतिहासकार एव्हलिन रॉस्की यांच्या अंदाजानुसार अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चीनमधल्या पुरुषांपैकी ३० ते ४५ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी फक्त २ ते १० टक्क्यांना थोडंबहुत वाचता येत होतं.

तर प्रश्न असा: दोष लिपीचा होता की शिकवण्याचा? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन हजार वर्षांत चिनी अक्षरं शिकवायच्या ज्या ज्या रीती यशस्वी झाल्या, त्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. अक्षर एकटं लक्षात राहत नाही. त्याला सोबत लागते. ती सोबत कशाची, हे काळानुसार बदलत गेलं.

कानाची सोबत

सगळ्यात जुनी सोबत चालीची. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, हान राजवटीत, शी योउ नावाच्या दरबारी माणसानं मुलांसाठी एक पाठ्यपुस्तक रचलं. आडनावं, कपडे, अवजारं, झाडंपेरं असे गट पाडून अक्षरं यमकात बसवली होती. सहाव्या शतकात लिआंग राजवटीच्या वू सम्राटानं चौ शिंगस या पंडिताकडून याहून अचाट काम करून घेतलं. एकही अक्षर पुन्हा न वापरता, एक हजार अक्षरांची, चार-चार अक्षरांच्या २५० ओळींची अर्थपूर्ण रचना! आपण तिला 'सहस्राक्षरी' म्हणू. हे काम एका रात्रीत केल्यामुळं चौचे केस पांढरे झाले, अशी दंतकथा आहे. सुंग काळात तिच्या जोडीला आणखी दोन पुस्तकं आली: आडनावांची माळ, आणि तीन-तीन अक्षरांच्या ओळींची 'त्र्यक्षरी'. या तीन पुस्तकांवर चिनी मुलांच्या पिढ्या वाढल्या. तिन्ही मिळून साधारण २,००० वेगवेगळी अक्षरं मुलाच्या डोळ्यांखालून जात.

वर्ग कसा चाले? गुरुजी ओळ म्हणत, मुलं मोठ्यानं म्हणत, अक्षरावर बोट ठेवत. पाठ झालं की मूल गुरुजींकडे पाठ करून उभं राही आणि धडाधड म्हणून दाखवी. गंमत बघा, चिनी भाषेत 'पेई' म्हणजे शरीराची पाठ, आणि 'पेई' म्हणजेच पाठ म्हणणं. मराठीतही 'पाठ' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. आपल्या पाढ्यांसारखंच हे. अर्थ पुढच्या वर्षी समजावून सांगू, आधी तोंडात बसू दे.

या घोकंपट्टीला नंतर फार नावं ठेवली गेली, पण तिच्यात एक शहाणपण होतं. ओळ तोंडपाठ असली की मुलाला पुढचं अक्षर कुठलं हे कानानं आधीच कळतं, डोळ्याला फक्त ते ओळखायचं उरतं. तोटाही तितकाच खरा होता. दोन वर्षांत शाळा सुटलेल्या गरीब मुलाला अख्खं पुस्तक म्हणता यायचं, पण तेच अक्षर बाजारातल्या पावतीवर आलं की ओळखता यायचं नाही. ओळीबाहेर काढलं की अक्षर परकं! म्हणूनच शेतकरी आणि दुकानदारांसाठी वेगळ्या स्वस्त पुस्तिका निघत. त्यांत धान्यं, भांडी, अवजारं, हिशेबाचे शब्द यमकात दिलेले असत. ज्याला जे लागतं त्याला ते, हा विचार तिथं आधीपासून होता.

कुळाची सोबत

दुसरी सोबत अक्षराच्या अवयवांची. इथं आपल्या मनातला एक गैरसमज दूर करू. चिनी ही चित्रलिपी आहे असं आपण सर्रास म्हणतो. काही अक्षरं मुळात चित्रं होती हे खरं: सूर्य, चंद्र, डोंगर, घोडा. पण ८० टक्क्यांहून जास्त अक्षरं दोन भागांची बनलेली आहेत. एक भाग अर्थाचा इशारा देतो, दुसरा उच्चाराचा.

उदाहरण घेऊ. 'छिंग' असा उच्चार असलेलं एक अक्षर आहे, अर्थ हिरवा-निळा रंग. त्याच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब काढा: झालं 'स्वच्छ, नितळ'. थेंबांऐवजी सूर्य काढा: 'निरभ्र आकाश'. हृदय काढा: 'भावना'. बोलण्याचं चिन्ह काढा: 'विनंती'. या सगळ्यांचा उच्चार छिंग, फक्त सुरांचा चढउतार वेगळा. आता डोळा काढा: 'डोळ्याचं बुबुळ', पण उच्चार 'चिंग'. म्हणजे इशारा दर वेळी तंतोतंत लागू पडत नाही. अक्षर घडलं त्या काळचा उच्चार त्यात अडकून राहिला आणि बोली पुढं निघून गेली. तरीसुद्धा पाच सुट्या आकृत्या लक्षात ठेवण्यापेक्षा एक कुटुंब लक्षात ठेवणं किती सोपं!

हे कुळशास्त्र पहिल्यांदा पद्धतशीर मांडलं शू शन यानं. इसवी सन १०० मध्ये त्यानं आपला कोश पुरा केला: ९,३५३ अक्षरं, ५४० गटांत. १२१ साली त्याच्या मुलानं तो सम्राटाला सादर केला. पण तो ग्रंथ पंडितांसाठी होता. तो मुलांपर्यंत पोचायला १,७०० वर्षं जावी लागली, हीच या इतिहासातली चुटपुट लावणारी गोष्ट. १८३८ साली वांग युन या विद्वानानं त्याच कोशाच्या आधारे मुलांसाठी सुमारे २,००० अक्षरांचं पुस्तक केलं. त्याचं म्हणणं असं की पुस्तक हातात द्यायची घाई करू नका, आधी दोनेक हजार अक्षरं ओळखू द्या. सुरुवात अखंड, साध्या अक्षरांनी करा. 'सूर्य' शिकवताना आकाशातला सूर्य दाखवा, 'वर' आणि 'खाली' शिकवताना वरची-खालची वस्तू दाखवा. मग जोडअक्षरं घ्या, कारण तोवर त्यांचे तुकडे मुलाच्या ओळखीचे झालेले असतात.

याच्या अगदी उलट टोकाची एक रीत परदेशी माणसानं आणली होती, तिचीही गोष्ट सांगायला हवी. मातेओ रिची हा इटालियन जेझुइट. १५७८ मध्ये तो आपल्या गोव्यात आला, १५८२ मध्ये तिथून मकावला गेला आणि चिनी शिकला. त्याची स्मरणशक्ती अफाट. असंबद्ध अक्षरांची लांबलचक यादी एकदा वाचून तो ती सुलट आणि उलट म्हणून दाखवी. युरोपातली जुनी युक्ती तो वापरे: मनात एक वाडा बांधायचा आणि प्रत्येक दालनात एकेक लक्षवेधी प्रतिमा ठेवायची. एका प्रांताधिकाऱ्याच्या मुलांसाठी त्यानं या विद्येवर चिनीत पुस्तिकाही लिहिली. त्या मुलांपैकी थोरल्यानं ती वाचून मार्मिक शेरा मारला: नियम खरे आहेत, पण ते वापरायलाच जबरदस्त स्मरणशक्ती हवी! या युक्त्या एखादं हट्टी अक्षर पकडायला बऱ्या. तीन हजार अक्षरांसाठी तीन हजार दालनं कोण बांधणार?

बोलीची सोबत

आता विसाव्या शतकात येऊ. पहिल्या महायुद्धात ब्रिटन आणि फ्रान्स यांनी चीनमधून सुमारे १,४०,००० मजूर युरोपात नेले, खंदक खणायला आणि माल वाहायला. १९१८ साली येन यांगछू, म्हणजे जेम्स येन, हा अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा ताजा पदवीधर त्यांच्या मदतीला फ्रान्समध्ये बूलोन इथं गेला. रोज संध्याकाळी मजूर त्याच्याकडे रांग लावत: घरी पत्र लिहून द्या, आलेलं पत्र वाचून दाखवा. शेवटी येन म्हणाला, मी लिहून देणार नाही, तुम्हाला शिकवतो. थोडे जण कसेबसे तयार झाले, आणि महिन्यांच्या आत ते स्वतःची पत्रं लिहू लागले. १९१९ च्या जानेवारीत येननं त्यांच्यासाठी सोप्या भाषेतलं साप्ताहिक काढलं. येन पुढं एक आठवण सांगत: एका मजुरानं पत्र पाठवलं की तुमच्या पत्राची किंमत इतकी कमी आहे की ते बंद पडेल अशी भीती वाटते, म्हणून माझी तीन वर्षांची बचत, ३६५ फ्रँक, सोबत पाठवतो आहे. वाचता येणं म्हणजे काय, हे त्या मजुराइतकं नेमकं कुणी सांगितलं नसेल.

येननं वेगळं काय केलं? दोन गोष्टी. एक, निवड. मोठ्या माणसाला वेळ कमी, तेव्हा सगळ्यात जास्त लागणारी सुमारे हजारच अक्षरं घ्यायची. १९२० च्या दशकात चीनमध्ये निघालेल्या 'जनतेच्या हजार अक्षरी'च्या चार पुस्तिका होत्या. रोज एक तास याप्रमाणे चार महिन्यांत त्या पुऱ्या होत. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: धडे बोलीभाषेत. जुन्या पाठ्यपुस्तकांची भाषा अभिजात, कुणाच्याच घरात न बोलली जाणारी. म्हणजे मुलाला लिपी आणि एक मृत भाषा एकदमच शिकावी लागे. आपल्याकडे अक्षरओळखच जर संस्कृत श्लोकांवर करून दिली असती, तर काय झालं असतं? १९२० साली चीनच्या शिक्षण खात्यानं प्राथमिकच्या पहिल्या इयत्तांत बोलीभाषेतली पुस्तकं वापरायचा आदेश काढला. लिपी तीच राहिली, पण अक्षराला प्रथमच घरातल्या शब्दाची सोबत मिळाली.

ही निवड अंदाजपंचे राहू नये म्हणून छन हछिन या शिक्षणतज्ज्ञानं चक्क मोजदाद केली. बोलीभाषेतल्या मजकुरातली ५,५४,४७८ अक्षरं सहकाऱ्यांसह हातानं मोजली. संगणक नव्हते, लक्षात घ्या! निघाली फक्त ४,२६१ वेगवेगळी अक्षरं, आणि त्यांतलीही थोडीच पुन्हापुन्हा येणारी. १९२८ साली ही यादी छापली गेली. कोशातल्या ४७ हजारांचा बागुलबुवा असा मोजमापानं संपवला गेला.

उच्चाराची काठी

आणखी एक सोबत उरली, उच्चाराची. १९१८ साली सरकारनं 'चूइन' नावाची उच्चारचिन्हं जाहीर केली. ती अक्षराशेजारी बारीक छापायची, म्हणजे नवं अक्षरही वाचता यावं. तैवानमध्ये ती आजही शिकवतात. मुख्य चीनमध्ये १९५८ साली रोमन लिपीवर आधारलेली 'पिनयिन' पद्धत मंजूर झाली. १९५६ पासून अक्षरांच्या रेघा कमी करायची मोहीमही सुरू झाली होती. त्याच वर्षी साक्षर कोणाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या ठरली: शेतकऱ्याला १,५०० अक्षरं, कामगाराला २,०००.

काठी उपयोगी, पण काठीनं पाय येत नाहीत, याचाही अनुभव चीननं घेतला. सैन्यातल्या छी च्येनह्वा या शिक्षकाची 'झटपट साक्षरता' पद्धत १९५२ मध्ये देशभर नेली गेली. चूइनच्या आधारे काही आठवड्यांत हजार-दीड हजार अक्षरं ओळखायची. आकडे दिपवणारे होते. पण शेतकरी शेतावर परतला, वाचायला जवळ काही नाही, आणि अक्षरं उडून गेली. चिनी भाषेत या विसरण्याला फार सुंदर शब्द आहे, 'हुईशंग', म्हणजे शिजलेलं पुन्हा कच्चं होणं.

दोन शाळांचा वाद

१९५८ च्या सुमारास शाळांमध्येही एक मोठा वाद उभा राहिला. ईशान्येकडच्या हेईशान इथल्या एका प्राथमिक शाळेनं आधी अक्षरं, मग वाचन असा प्रयोग केला. मघाच्या 'छिंग'सारखी कुटुंबंच्या कुटुंबं एकदम शिकवायची आणि दोन वर्षांत सुमारे २,५०० अक्षरांपर्यंत न्यायचं. वांग युनचाच विचार, नव्या रूपात. तिकडे नानचिंगमध्ये स श्या या शिक्षिकेचं म्हणणं नेमकं उलटं होतं. अक्षर शब्दापासून, शब्द वाक्यापासून आणि वाक्य मजकुरापासून तोडू नका. वाचता वाचता शिकू द्या.

बरोबर कोण? दोघंही, आपापल्या जागी. कुटुंबानं शिकवलं की वेग येतो, पण सारखी दिसणारी भावंडं एकमेकांत मिसळतात. मजकुरातून शिकवलं की अर्थ पक्का बसतो, पण गती मंद राहते. म्हणून आजच्या चिनी पुस्तकात दोन्ही आहेत. २०१७ पासून देशभर लागू झालेल्या पहिलीच्या पुस्तकानं तर क्रमच बदलला. आधी पिनयिनचे आठवडे आणि मग अक्षरं, असं पूर्वी असे. आता पहिल्याच धड्यात मूल खऱ्या अक्षरांना भेटतं: आकाश, पृथ्वी, माणूस, तू, मी, तो. पिनयिन नंतर येतं.

हाताचाही वाटा विसरून चालणार नाही. २००५ साली ली हाय तान आणि सहकाऱ्यांनी बीजिंगच्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. चिनी वाचनाचं कौशल्य हातानं अक्षर लिहिण्याच्या कौशल्याशी घट्ट जोडलेलं आहे, असं त्यांना दिसलं. लिहिताना मूल अक्षराचे तुकडे पाडतं आणि पुन्हा जोडतं. फोनवर टाइप करणाऱ्या पिढीची 'लेखणी उचलली की अक्षर विसरतं' अशी तक्रार आज चीनमध्ये सर्रास ऐकू येते.

मग लिपी दोषी होती का? १९६४ च्या जनगणनेत चीनमधलं निरक्षरांचं प्रमाण ३३.५८ टक्के होतं, १९८२ मध्ये २२.८१, आणि २०२० मध्ये २.६७. कोणी म्हणेल, अक्षरं सोपी केली म्हणून हे झालं. पण तैवाननं जुनी, जास्त रेघांची अक्षरं जशीच्या तशी ठेवली, आणि तिथंही जवळपास सगळे साक्षर आहेत. दोन्हीकडे समान काय? मुलं शाळेत गेली, मुली शाळेत गेल्या, बोलीभाषेत शिकली, आणि वाचायला पुस्तकं मिळाली. १९१८ च्या त्या पंडितांची कळकळ खरी होती, पण त्यांनी आरोपी चुकीचा धरला.

आज चिनी शिकू पाहणाऱ्या आपल्या मुलांसाठी यातून सरळ वाट निघते. सुरुवात दीडदोनशे साध्या, अखंड अक्षरांनी करावी. तीच पुढं तुकडे म्हणून भेटतात. नवं अक्षर आलं की त्याचा अर्थाचा भाग कुठला, उच्चाराचा कुठला, हे आधी विचारावं. अक्षर सुटं घोकू नये, ते ज्या शब्दात येतं तो शब्द तोंडानं म्हणावा. पिनयिन हाताशी ठेवावं, पण वाचताना झाकावं, नाहीतर डोळा रोमन अक्षरांवरच रेंगाळतो. रोज थोडी अक्षरं हातानं लिहावीत. आणि पाचशे अक्षरं झाली की त्यांच्यात बसणाऱ्या गोष्टी वाचायला घ्याव्यात, हजाराची वाट बघू नये. यादी पुन्हा कच्ची होते. वाचलेलं अक्षर पुढच्या पानावर परत भेटतं, आणि त्या भेटींनीच ते पक्कं होतं.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.